जहाजघरातली भरती

"तुमच्या कामाविषयी लिहा," असे दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला कळवले, तेव्हा त्यांच्या मनात आमच्या जिनातील हिशेबनिशी असावी. ती मी पुष्कळ वर्षे करतो आहे आणि तिच्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. कापूस येतो, तोलला जातो, सरकी एकीकडे आणि रुई दुसरीकडे होते, गठाणी बांधल्या जातात, आणि या सगळ्याचे आकडे संध्याकाळी एकमेकांशी जुळले म्हणजे मी घरी जातो. जुळले नाहीत तर उशिरा जातो. याहून अधिक सांगून मी कुणाचा फराळ बेचव करणार नाही.

माझे दुसरे काम बिनपगारी आहे, आणि लिहायचेच तर त्याविषयी लिहावे. जळगाव जामोदच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत जहाजांच्या वस्तूंचा एक संग्रह आहे. दर बाजाराच्या दिवशी तो लोकांसाठी उघडतो. कागदोपत्री त्याचे नाव लांबलचक आहे. गाव त्याला जहाजघर म्हणते. त्याचा मी व्यवस्थापक.

जळगावात जहाजे कुठली, असे वाचकाला वाटले असेल तर ते बरोबरच आहे. आमच्या उत्तरेला सातपुडा. पाणी विहिरींचे. नांदुरा स्टेशनापासून मुंबई रेल्वेने सव्वातीनशे मैलांच्या आसपास, आणि नांदुरा गाठायचे तर आधी पूर्णा ओलांडावी लागते. पावसाळ्यात एखाद्या दिवशी तीही नाही म्हणते. मी स्वतः समुद्र एकदाच पाहिला आहे. जिनाच्या कामाने मुंबईस गेलो असता एका दुपारी मुद्दाम किनाऱ्यावर गेलो, पण तेव्हा ओहोटी होती, त्यामुळे समुद्र थोडा आणि चिखल फार पाहिला.

या संग्रहाचे मूळ म्हणजे तुळशीराम मिस्त्री. सुताराचा मुलगा, तरुणपणी मुंबईला गेला, गोदीत जहाजांच्या दुरुस्तीवर लागला आणि गुडघे कामातून गेले तेव्हा गावी परतला. त्याच्याबरोबर बैलगाडीतून दोन मोठ्या पेट्या आल्या. लोकांना वाटले, कमाई आणली. पेट्यांत निघाला एक पितळी कंदील, काच तडकलेले होकायंत्र, कप्प्या, फळीवर बसवलेल्या दोराच्या नाना तऱ्हेच्या गाठी, बुडत्या माणसाला फेकायचे एक गोल कडे, लाखेने तोंड बंद केलेली समुद्राच्या पाण्याची बाटली, आणि मिस्त्रीने फावल्या वेळात स्वतः घडवलेली एक आगबोट. लांबी चार फूट दोन इंच. तिचे मजले एकेक करून झाकणांसारखे उचलता येतात आणि आतल्या खोल्या, जिने, खाटा, बायलर सगळे दिसते. सुना म्हणाल्या, या पेट्यांच्या जागेत ज्वारीची पोती मावतील. मिस्त्री वाचनालयाच्या मंडळाकडे आला. मागच्या खोलीत पूर्वी सरकी ठेवत, ती रिकामी पडली होती. मी तेव्हा मंडळात होतो. खोली मिळाली आणि तिच्याबरोबर काम माझ्या गळ्यात आले.

तिसरे आमचे गोपाळ मास्तर, शाळेत चित्रकला शिकवतात. त्यांनी मागच्या भिंतीवर समुद्र काढला. त्यांनी तो पाहिलेला नव्हता आणि मिस्त्रीने तो फार पाहिला होता, त्यामुळे रंगावरून दोघांत जवळपास महिनाभर बोलणे बंद होते. मास्तरांचा समुद्र निळा होता. मिस्त्रीचे म्हणणे, गोदीतला समुद्र तेलकट काळा असतो. शेवटी भिंत निळी राहिली आणि गोदीजवळचा कोपरा काळा झाला. भेट देणारे त्या कोपऱ्याकडे बोट दाखवून, इथे ओल आली आहे काय, असे विचारतात.

बाहेरच्यांना वाटते, संग्रह सांभाळणे म्हणजे कुलूप उघडणे आणि लावणे. खरे काम वाळवी, गंज आणि धूळ यांच्याशी आहे, आणि सगळ्यांत जास्त हातांशी. आमच्या लोकांचा डोळ्यांपेक्षा हातांवर विश्वास. कंदिलाचे पितळ लोकांनीच घासून चकचकीत ठेवले आहे; त्याला आम्हाला कधी चिंच लावावी लागली नाही. घरी मात्र माझ्या तेलाच्या डब्याची थट्टा होते. कपाटाची कडी महिनोन्महिने निखळलेली आहे आणि जहाजाच्या कप्प्यांना दर पंधरवड्याला तेल मिळते, हे आमच्या सौभाग्यवतींनी एकदा पाहुण्यांसमोर सांगितले. ते खरे होते.

वस्तूंखालच्या चिठ्ठ्या माझ्याकडे. जे माहीत नाही ते लिहायचे नाही, एवढाच माझा नियम. बाटलीवरून त्याची परीक्षा झाली. समुद्राचे पाणी खारट असते हे ऐकून समाधान मानणारा माणूस वऱ्हाडात अजून जन्मायचा आहे. प्रत्येकाला बोट बुडवून पाहायचे असे. लाख गेली, मग बूच गेले, पाणी खाली खाली गेले. एका बाजाराला पाहतो तो बाटली पुन्हा गळ्यापर्यंत भरलेली. मिस्त्रीने विहिरीच्या पाण्यात मीठ कालवून ती भरली होती. मी चिठ्ठी बदलली आणि 'समुद्राच्या पाण्यासारखे पाणी' असे लिहिले. मिस्त्री रागावला. म्हणाला, अशानं लोकांचा समुद्रावरचाच विश्वास उडेल.

प्रश्न तर असे येत की मी ते जन्मभर जपून ठेवीन. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मिस्त्रीला विचारले, समुद्राचा पल्याडचा काठ दिसते काय. मिस्त्री म्हणाला, नाही दिसत. "मंग पल्याड काठ हाय, हे कशावरून?" यावर गोदीत जन्म घालवलेला आमचा मिस्त्री उठून कप्प्यांना तेल घालू लागला. दुसऱ्या एकाला मी नकाशावर दाखवले की आपली पूर्णा तापीला मिळते आणि तापी समुद्राला. तो नदीकाठच्या गावचा होता. त्याने बराच वेळ नकाशा पाहिला आणि हळूच विचारले की आमच्या म्हशी धुतलेले पाणीही तिथवर जाते काय. जाते, असे सांगितल्यावर त्याला संकोच वाटल्यासारखे दिसले.

आता भरतीच्या पाटीकडे येतो.

समुद्राचे पाणी रोज चढते आणि उतरते, ही गोष्ट सांगून कुणाला पटेना. म्हणून मिस्त्रीने पत्र्याचे एक लांबट पसरट भांडे केले. त्यात पाणी, एका टोकाला वाळूचा किनारा, त्यावर बोटभर होडी. भांड्याच्या दुसऱ्या टोकाखालचा आट्यांचा खिळा फिरवला की ते टोक हळूहळू उचलले जाई, पाणी किनाऱ्यावर चढे आणि होडी तरंगू लागे. खिळा उलटा फिरवला की होडी पुन्हा वाळूत बसे. फार सुरेख काम होते. ते लोकांनी पाहावे म्हणून पाटी लावायचे ठरले. मजकूर मी दिला: 'येत्या बाजारी सकाळी दहा वाजता भरती व ओहोटी. सर्वांनी यावे. प्रवेश मोफत.' रंगवली गोपाळ मास्तरांनी. चित्रकाराच्या दृष्टीने त्यांनी 'भरती' हा शब्द मधोमध, तांबड्या रंगात, हातभर मोठा काढला. मग जागा उरली नाही, तेव्हा बाकीचा मजकूर कडेकडेने निळ्या बारीक अक्षरांत बसवला. पाटी बाजाराच्या रस्त्यावर लावली.

ते लढाईचे दिवस होते. भरती या शब्दाचा समुद्राशी काही संबंध आहे हे आमच्या तालुक्यात फार थोड्यांना माहीत होते. गाडीची भरती सगळ्यांना माहीत होती, आणि त्या दिवसांत तर भरती म्हणजे फौजेची. ज्याला अक्षरे येत होती त्याने लांबूनच तांबडा शब्द वाचून दाखवला आणि ज्यांना येत नव्हती त्यांनी तो गावोगाव नेला.

बाजाराच्या दिवशी मी कुलूप उघडायला गेलो तर वाचनालयाच्या फाटकापासून रांग. तरणीताठी पोरे, केसांना तेल, काहींच्या कपाळाला घरून लावलेले कुंकू. दोघांनी तर सदरे आधीच काढून खांद्यावर टाकले होते. एक आजोबा नातवाचे मनगट धरून त्याला रांगेतून बाहेर ओढत होते. पोलीस शिपाई येऊन मला विचारू लागला की ही भरती कोणाच्या हुकमाने. मिस्त्री तेवढा आनंदात. एवढे लोक समुद्र पाहायला आले म्हणून त्याचे डोळे भरून आले होते आणि तो घागरीने भांड्यात पाणी ओतत होता. रांगेतला पहिला, उंच, सावळा, खोलीत शिरून त्याच्यासमोर ताठ उभा राहिला.

"मिस्त्री, छाती कवा मोजता?"

"कोनाची?"

"आमची."

"समुद्र पाहाले छाती कायले मोजा लागते बे?"

त्यानंतरचा गोंधळ सांगत नाही. काही पोरे चिडून गेली, काही हसत सुटली. इतक्या लांबून आलेच आहेत तर बघून तरी जा, असे मी म्हणालो आणि पुष्कळांनी भरती-ओहोटी पाहिली. तो उंच मुलगा शेवटपर्यंत थांबला. होडीपेक्षा त्याचे लक्ष आगबोटीकडे होते. ही कशाने चालते, कोळसा कोण टाकते, असे त्याने मिस्त्रीला दोन-तीनदा विचारले आणि मग आणखी दोघांबरोबर तो नांदुऱ्याकडे जाणाऱ्या मोटारीत बसून गेला. त्याचे नाव आम्ही विचारले नाही. पाटी त्याच दिवशी उतरवली आणि 'समुद्राच्या पाण्याचा चढउतार' अशी दुसरी लावली.

पुढच्या बाजाराला एक बाई भाजीची टोपली घेऊन आमच्या पायरीवर येऊन बसली. वाटले, सावली पाहून टेकली असेल. टोपलीत वांगी-मेथी आणि वर फडक्यात बांधलेले काही होते. बऱ्याच वेळाने तिने मला हाक मारली.

"भाऊ, नामदेवाले बाहेर पाठवा. भाकर आनली हाय."

मी विचारले, कोण नामदेव.

"माहा लहानगा. मागच्या बाजारी अठी भरती झाला तो."

ही भागाबाई. माळ्याची, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यातली. नवरा वारलेला, थोरला मुलगा विहिरीवरचा मळा पाहतो, धाकटा नामदेव. 'जळगावच्या वाचनालयात भरती आहे, तिथे जातो,' असे सांगून तो घरून निघाला होता आणि परतला नव्हता. मी तिला समजावून सांगितले की ही भरती ती नव्हे. नवी पाटी दाखवली.

"पाटी बदलली म्हून मानूस बदलते काय, भाऊ? मी त्याले घरी न्याले नाई आली. तो जेवला का चालली जाईन."

तिला आत नेले. तिने टेबलाखाली वाकून पाहिले, दाराआड पाहिले, भिंतीवरच्या समुद्राला हात लावून पाहिला. खोलीला दुसरे दार नाही अशी खात्री झाल्यावर ती खाली बसली. जाताना तिने फडके सोडून आमच्यापुढे ठेवले. परत कुठे नेऊ, तुम्हीच खा, म्हणाली. ती भाकर आणि लसणाची चटणी आम्ही तिघांनी खाल्ली. खाणे जड गेले. न खाणे त्याहून जड गेले असते.

शोध घेणे आता आमच्याकडे आले. जिनाच्या कामाने मी अकोल्याला जातच असे. तिथल्या भरतीच्या कचेरीत चौकशी केली, अर्ज दिला, आणि काही आठवड्यांनी उत्तर आले की सदर इसम नौदलात घेतला असून खुशाल आहे. ठिकाण सांगता येत नाही. ते मी भागाबाईला वाचून दाखवले. खुशाल आहे, यावर तिने मान हलवली. पुढच्या शब्दांवर मात्र ती अडली.

"ठिकान सांगता येत नाई म्हन्जे? ढोर बांधाले बी खुटा लागते. मानसाले ठिकान नसते काय?"

मी सांगितले की लढाईत जहाज कुठे आहे हे दुश्मनाला कळू नये म्हणून सांगत नाहीत. दुश्मन काय माझ्या टोपलीत बसला आहे, असे ती म्हणाली आणि उठून चालू लागली. तेव्हा मिस्त्रीने तिला थांबवले. त्याने आगबोटीचा वरचा मजला उचलून बाजूला ठेवला आणि आतली एक खोली दाखवली. गोल खिडकी, खिडकीखाली काड्यापेटीएवढी खाट. नामदेव इथे झोपतो, असे त्याने सांगितले. त्याला खरे काय ते ठाऊक होते की नव्हते, हे मी त्याला आजवर विचारलेले नाही.

भागाबाई वाकून पाहत राहिली. मग तिने विचारले, "पाय दक्षिनेकडे तर नाई ना?"

मिस्त्री म्हणाला, जहाज वळले की दिशा वळते, त्यामुळे पाय चारी दिशांना होतात. यावर तिने पुष्कळ विचार केला.

"मंग देव बी वळत असन त्याच्यासंगं," ती म्हणाली.

त्यानंतर ती दर बाजाराला येऊ लागली. आधी भाजी विकायची, मग आमच्याकडे. खिडकीखालची ती खाट पाहायची. पावसाळ्यात तिथे पाणी येते काय, जेवण कुठे करतो, तेही तिने एकेक करून विचारून घेतले. मग रिकामे बसवत नाही म्हणून खोली झाडू लागली. वाळवीची वाट तिला आमच्या आधी दिसे. पुढे पुढे मिस्त्रीचे गुडघे दुखत असले की तीच लोकांना सगळे दाखवी. चंद्राच्या ओढीने पाणी कसे चढते हे मी पुस्तक पाहून सांगत असे आणि लोक माना हलवून काही न समजता जात. भागाबाई एवढेच सांगे: "समुद्र दिवसातून दोन येळा माहेरी येते. येतांनी उड्या मारते, जातांनी पाय ओढत जाते." बायांना ते एकदम समजे. त्या चढउताराचे यंत्र पुन्हा पुन्हा फिरवून बघत. माझी चिठ्ठी तिथे तशीच आहे, पण ती आता कुणी वाचत नाही आणि त्याचे मला वाईट वाटत नाही.

ज्यांची मुले फौजेत गेली होती अशा आणखी आयाही तिच्यामुळे येऊ लागल्या. त्यांची मुले जहाजावर नव्हती. कुणाचा बंदूक घेऊन गेला होता, कुणाचा मोटारी हाकत होता. तरी त्या येऊन आगबोटीपाशी बसत. घरात ज्या गोष्टी बोलता येत नाहीत त्या तिथे बोलत असाव्यात. आम्ही तिघे पुरुष अशा वेळी बाहेर पायरीवर बसत असू. हे जहाजघर आम्ही हौसेने उघडले होते. ते कशासाठी आहे, हे या बायांनी आम्हाला दाखवले. त्यांचा मी ऋणी आहे.

एका बाजाराला, माणसे पांगल्यावर, भागाबाईने त्या गोल कड्याकडे बोट दाखवून ते काय आहे असे विचारले. ते इतके दिवस तिथेच होते आणि तिने कधी विचारले नव्हते. मिस्त्री म्हणाला, शोभेचे आहे. तिने माझ्याकडे पाहिले.

"भाऊ, जहाज बुडते काय?"

मिस्त्री मागून मला हाताने नको नको करत होता.

"बुडते कधी कधी," मी म्हणालो. "लढाईत जास्त. पण निघालेल्यांपैकी बहुतेक पोचतात."

"बहुतेक म्हन्जे किती?"

मी जन्मभर आकड्यांत राहिलेला माणूस, आणि त्या वेळी माझ्याजवळ आकडा नव्हता. मला माहीत नाही, असे सांगितले. तिने केरसुणी कोपऱ्यात उभी केली. मग म्हणाली, "बरं झालं सांगतलं. गावात सारे म्हन्तेत काई होत नाई, काई होत नाई. आता तुमी सांगान ते मी खरं धरीन."

मिस्त्री त्या दिवशी रागाने कुलूप लावायलाही थांबला नाही. पण त्या बाईच्या त्या वाक्यामुळे मी पुढे फार सांभाळून बोलू लागलो.

अधूनमधून नामदेवाचे कार्ड येई. कुणाकडून तरी लिहून घेतलेले, सगळ्यांना नमस्कार आणि मी बरा आहे एवढेच. मी ते वाचून दाखवी. मग ती कार्डे यायची थांबली. एक पावसाळा गेला, कापूस आला आणि गेला, तरी कार्ड नाही. भागाबाई येतच होती. एकदा तापात आली. त्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी तिला घरी नेऊन निजवले, काढा दिला आणि संध्याकाळी मला म्हणाल्या, "कडी राहू द्या. त्या बाईला काही विचारायचं असलं तर आधी तिकडे जा." माझे हे काम घरच्यांना मान्य झाले ते त्या दिवसापासून.

लढाई संपली. आणखी बरेच दिवस काही कळले नाही. आणि मग एका बाजाराला भागाबाई टोपलीशिवाय आली. बरोबर तो उंच मुलगा, आता रुंद झालेला, डोक्याचे केस बारीक कापलेले. तिने त्याचे मनगट धरले होते ते खोलीत आल्यावरही सोडले नाही. मिस्त्रीने खुर्ची दिली. तिने त्याला बसू दिले नाही. सरळ आगबोटीपाशी नेले, वरचा मजला स्वतः उचलला आणि त्याला त्याचेच जहाज समजावून सांगू लागली. इथे स्वयंपाक, इथे कोळसा, इथून शिडी. शेवटी खिडकीखालच्या खाटेवर बोट ठेवले.

"अन् अठी तू झोपत होता."

नामदेव त्या खाटेकडे पाहत राहिला. एकदा मिस्त्रीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे.

"हाव माय," तो म्हणाला. "अठीच."

ती दोघे निघाली तेव्हा तो काहीतरी विसरल्यासारखे करून मागे आला. पायरीवर मला हळूच म्हणाला, मुनीमजी, आम्ही बायलरवाले. खाली, लोखंडाच्या पोटात झोपायचो. खिडकी कुठली? तिला सांगू नका. मी सांगणार नाही म्हणालो.

दोन-तीन बाजार गेले. भागाबाई एकटीच खोली झाडत होती. झाडता झाडता म्हणाली, भाऊ, तुमच्या जिनातल्या बायलरवाल्यांचे हात मी दर बाजारी भाजी देताना पाहते. नामदेवाच्या हातावर तसेच डाग आहेत, कोपरापर्यंत. ज्याच्या हातावर असे डाग त्याला खिडकीची खोली कोण देईल? त्याला वाटते मला समजले नाही. वाटू द्या. तुम्ही त्याला बोलू नका. मी बोलणार नाही म्हणालो.

अशा रीतीने एकच गोष्ट मी दोघांसाठी दोन्हीकडून लपवत होतो. नामदेव पुन्हा मळ्यात लागला. आईला बाजारात सोडायला आला की तो पायरीवर बसे, आत येत नसे, आणि तिकडच्या गोष्टी कधी सांगत नसे. कुणी विचारले तर, बरं होतं, एवढेच. भागाबाईही विचारत नसे, कारण विचारले तर त्याला खोटे बोलावे लागेल. ज्या माणसाचे ठिकाण कळावे म्हणून ती इतकी वर्षे झटली, तो घरी आल्यावर ते ठिकाण दोघांनी मिळून झाकून ठेवले.

संपादकांचे सांगणे आले तेव्हा मी हे सगळे लिहून काढले. लिहिल्यावर लक्षात आले की हे छापायचे तर ज्यांचे आहे त्यांना आधी ऐकवले पाहिजे. भागाबाई मला खरे बोलणारा समजते. तिच्या पाठीमागे तिची गोष्ट फराळाबरोबर वाटणे मला जमणार नव्हते. म्हणून गेल्या बाजाराला, लोक गेल्यावर, मी नामदेवला आत बोलावले. भागाबाई, मिस्त्री आणि मास्तर होतेच. इथवरचा मजकूर मी चौघांना वाचून दाखवला. शेवटच्या पानापाशी, दोघांना दिलेला शब्द मोडत होता तिथे, माझा आवाज हळू झाला, पण वाक्य गाळले नाही. नावे बदलायची असतील तर बदलतो, असेही सांगितले.

"काऊन?" भागाबाई म्हणाली. "चोरी केली काय आमी?"

मी कागद घडी करून खिशात ठेवले. ती मुलाकडे न पाहताच म्हणाली, "खिडकी नव्हती म्हने."

"नव्हती."

"गरम होत असन."

"होत होतं. मंग सवय झाली."

"डोक्याखाली काय घेत होता?"

"हात."

भागाबाई उठली. "मिस्त्री, ती खाट काढा तठून."

मिस्त्रीने चिमटा आणला. खाट त्याने स्वतःच कधीकाळी सरसाने चिकटवली होती, ती थोडा रंग घेऊन सुटली. तळहातावर घेऊन तो उभा राहिला, कुठे ठेवू म्हणून. नामदेव पुढे झाला. त्या आगबोटीला त्याने हात लावलेला मी तोपर्यंत पाहिला नव्हता. त्याने खाट घेतली आणि मिस्त्रीला आणखी एक मजला उचलायला सांगितला, त्याखालचा आणखी एक. मग हात कोपरापर्यंत आत घालून, चाचपत, बायलरच्या पत्र्याला लागून ती ठेवली.

भागाबाईने वाकून पाहिले.

"अंधार हाय," ती म्हणाली.

"बत्ती होती, माय. आन् एकटा थोडाच होतो? आमी चौघं होतो."

"कोन कोन?"

नामदेव जमिनीवर बसला आणि एकेकाचे नाव, गाव सांगू लागला.